साडेबारापर्यंत वाट आहे

१

केळव्याला स्वस्तात घर पाहिजे म्हणून ज्यांचे फोन येतात, त्यातल्या निम्म्यांना मी फोनवरच हाकलते. एसी आहे का? नाही. टीव्ही? नाही. स्विमिंग पूल? चारी बाजूंनी समुद्र आहे, उतर हवं तिथे. जे एवढं ऐकूनही फोन ठेवत नाहीत, त्यांना मी घर देते.

घर बेटावर आहे. बेट म्हणजे मोठं काही नाही. गावाच्या दक्षिणेला खाडी समुद्राला मिळते तिथे एक उंचवटा आहे. त्यावर सासऱ्यांनी लावलेली नारळ-सुपारीची वाडी, वाडीत दोन खोल्यांचं कौलारू घर आणि गोड्या पाण्याची विहीर. ओहोटीला खाजणातली दगडांची वाट उघडी पडते, दहा मिनिटांत चालत जाता येतं. भरतीला तीच वाट बुडते आणि मग सहा तास कोणी यायचं नाही, कोणी जायचं नाही. म्हणून भाडं कमी. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत ज्यांना परवडत नाही ते आमच्याकडे येतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली माणसं, पालघरचे मास्तर, वसईची नवी लग्नं.

भरतीची वेळ मी फोनमध्ये बघत नाही. मी चौथी शिकले, पण तीन-चारचे पाढे मला येतात. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्याच्या तीन तास आधी वाट बुडते, तीन तासांनी उघडते. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल. पाहुण्यांना मी एवढंच बजावते की मी सांगितलेल्या वेळेच्या आत निघायचं. चुकलात तर निघायचं नाही. वाटेवर पाय ठेवायचा नाही. पडवीत बसून राहायचं.

फोनवरचं ते घराचं पान माझी पुतणी समिधा सांभाळते. बोईसरला औषधाच्या दुकानात असते. पाहुणे जाऊन काय काय लिहितात ते रविवारी मला वाचून दाखवते. परवाच्या रविवारी वाचायला लागली, “घर साधं पण स्वच्छ. विहिरीचं पाणी गोड. मालकीणबाई तोंडाने फटकळ...” इथे ती हसली आणि मग एकदम गप्प झाली.

“वाच की. फटकळ आहेच मी.”

“काकी, पुढे लिहिलंय, मुलगी मात्र गुणाची. न विचारता सगळं करते.”

मला एकच मुलगी. स्वाती. तिला खाडीने नेली त्याला तीन वर्षं झाली.

२

गेली असं मी कधी म्हटलं नव्हतं. अंग मिळालं नाही. खाडीत शोधलं, तिवरांत शोधलं, सातपाटीच्या बोटींनी चार दिवस शोधलं. चादरी मिळाल्या. पोरगी मिळाली नाही.

पाहुणे गेले की चादरी आणायला तीच जायची. त्या दिवशीही सकाळी गेली आणि वाट बुडाल्यावर निघाली. गावाला मी सांगितलं, पोलिसांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, “मी तिला साडेअकरा सांगितलं होतं. ऐकलं नाही. फोनमध्ये डोकं घालून बसली असेल.” सगळ्यांनी मान हलवली. तरुण पोर, हट्टी पोर. मी कधी वेळ चुकले नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक.

नामदेव, माझा नवरा, गरीब माणूस. गेली तीन वर्षं मला एकच सांगतो. यंदा भटजींकडे जाऊन दिवसही ठरवून आला.

“दर्भाचा पुतळा करतात गो. त्यालाच अग्नी देतात. मग तिचं सगळं रीतसर होतं.”

“जिचा पुतळा करायचा ती मेलीय हे कोणी सांगितलं तुमाला?”

“तीन वर्षं झाली.”

“झाली तर झाली. मी नाय येणार. तुमीच गवत जाळून या.”

तो उठून अंगणात गेला. भांडायचं म्हटलं तर समोर माणूस लागतो, हा नेहमी अंगणात जातो.

समिधाने वाचलेलं मी त्याला सांगितलं नाही. पाहुण्यांनी वाडीत कामाला येणाऱ्या बुधीला पाहिलं असेल, असं मी मनाला म्हटलं. बुधी पन्नाशीची आहे, डोक्याला टापर बांधते, तिला मुलगी कोण म्हणेल? पण लोकांचं काय. लोक काहीही लिहितात.

३

दुसऱ्या दिवशी ओहोटी धरून गेले. बुधी सुपाऱ्या गोळा करत होती.

“बुधी, आतल्या चादरी तू बदलल्यास?”

“मी कशाला? मी घरात जात नाय.”

“कधीपासून?”

तिने टोपली कमरेवरून खाली ठेवली. “बाय, तुजी पोर करते ना सगला. एका घरात दोन बायका कशाला? मना सुपारी हाय, माडाच्या पात्या हायत, लय काम हाय.”

मी तिला शिवी दिली. तिला राग आला नाही, तेच मला आवडलं नाही. रोजचं काहीतरी सांगावं तसं तिने सांगितलं होतं.

आत गेले. दोन्ही गाद्यांवर चादरी ताणून घातलेल्या, कोपरे आत दुमडलेले. स्वाती तसं करायची, फोनवर बघून शिकली होती. मी म्हणायचे, चादर आहे ती, पाकीट नाही. आता वाटलं, पाहुण्यांनीच केलं असेल. शहरातल्या बायकांना येतं.

मागच्या खोलीतून आवाज येत होता. टप्, टप्. ओलं कापड टांगलं की येतो तसा. जाऊन पाहिलं तर दोरीवर दोन चादरी होत्या, नुकत्या पिळलेल्या. पिळा बघितला. स्वाती डावरी होती, तिचा पीळ उलटा पडायचा. हा उलटा होता. डावरी माणसं जगात पुष्कळ असतात.

मी चादरीचं टोक जिभेला लावलं. का लावलं, सांगता येत नाही. खारट होतं. बेटावर गोड्या पाण्याची विहीर असताना खाडीच्या पाण्यात चादरी कोण धुईल?

दार ओढून घेतलं आणि निघाले. वाटेवर मागे वळून पाहिलं नाही. भ्याले म्हणून नाही. वळून पाहिलं आणि कोणी नसलं तर, म्हणून.

४

त्याच आठवड्यात झुंबरचा फोन आला. बीडकडचा माणूस, तारापूरच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढलेली.

“काकू, आमच्या आईनं समुद्र धड पाह्यला न्हाई. बोईसरला ऱ्हाऊनबी. लांबून चिंचणीला दाखवला, तर म्हनती हे तर तळंच हाय. एक रात ऱ्हायचंय. पर जास्त झेपत न्हाई.”

माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. म्हणायला हवं होतं.

आले ते तिघे. झुंबर, त्याची बायको प्रियदर्शिनी आणि आई रंभाबाई. म्हातारीने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, वहाणा हातात घेतल्या आणि वाटेवरून माझ्यापुढे चालली.

“बाई, तुमी इथं एकट्याच ऱ्हाता?”

“मी गावात राहते. बेटावर कोणी राहत नाही.”

“मंग घरात दिवा कोन लावतं?”

“तुम्ही लावा आज.”

घर दाखवलं, विहीर दाखवली. निघताना झुंबरला उभं करून सांगितलं, “उद्या अकराच्या आत निघायचं. सव्वाअकराला वाट बुडते. किती?”

“अकरा.”

“कोणी दुसरं काही सांगितलं तर ऐकायचं नाही.”

“इथं कोन सांगनार?” तो हसला. मी हसले नाही.

५

दुसऱ्या दिवशी दहापासून मी काठावर उभी. साडेदहा झाले. अकराला पाणी वाटेच्या दगडांना चाटायला लागलं. पलीकडून कोणी येताना दिसेना. बेटावर फोन लागत नाही. हाका मारल्या, वारा समुद्राकडून होता, माझ्याच तोंडात परत आल्या.

आले नाहीत तर बिघडलं काय? पडवीत बसतील. संध्याकाळी येतील. असं मी स्वतःला समजावत होते आणि पाय पाण्यात होते. वाटेच्या मध्यावर पाणी गुडघ्याला लागलं. शेवटच्या दगडांवर मांडीला. धारेला ओढ होती. तीन वर्षांत पहिल्यांदा मी चढत्या पाण्यात उतरले होते. ती ओढ पायाला कशी धरते ते मला तेव्हा कळलं. जोर करत नाही ती. हलकेच पाऊल दगडावरून बाजूला नेऊन ठेवते.

पडवीत तिघेही पिशव्या बांधून आरामात बसलेले. समोर रिकामे कप.

“अकरा सांगितलं होतं ना तुम्हाला?” मी ओरडले. “बहिरे आहात?”

झुंबर चटकन उभा राहिला. “आवं काकू, तुमच्या मुलीनंच सांगितलं. निवांत चहा घ्या म्हनली. साडेबारापर्यंत वाट हाय, आईनं सांगितलंय.”

साडेबारा.

तो आकडा मी तीन वर्षं कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. कारण तो कोणाला ठाऊकच नव्हता. दोघींनाच ठाऊक होता.

प्रियदर्शिनी हळूच म्हणाली, “चहा जरा खारट होता काकू, पण आम्ही काही बोललो नाही. त्यांनी एवढ्या प्रेमाने दिला.”

“दिसते कशी?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. रंभाबाई म्हणाली, “कामात व्हती बिचारी. पाठमोरीच व्हती. येनी लांब हाय. डोक्यावरनं न्हाऊन आली असंल, पानी गळत व्हतं.”

६

आता खरं लिहिते.

त्या दिवशी सकाळी मी ओट्यावर वाल सोलत बसले होते. स्वाती निघताना म्हणाली, “आई, वाट किती वाजेपर्यंत आहे?” मी बोटांवर मोजलं. अमावास्येपासून पाचवा दिवस, म्हणजे पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पाऊण वाजता वाट बुडणार. म्हटलं, “साडेबारापर्यंत वाट आहे. घाई करू नकोस.” ती म्हणाली, “येते मी.” मी वालावरून मान वर केली नाही. “हां, जाऊन ये,” म्हटलं.

त्या पंधरवड्यात चतुर्थी दोन दिवस होती. तिथीची वृद्धी. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती, उठून चार पावलं गेले असते तर दिसलं असतं. मी उठले नाही. मला येतं, म्हणून. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. वाट बाराला बुडणार होती. पोरगी मी सांगितलेल्या वेळेला, डोक्यावर चादरींचं गाठोडं घेऊन, अर्धा तास बुडालेल्या वाटेवर उतरली. आई म्हणते आहे म्हणजे खाली दगड असणार, असं धरून चालली असेल.

संध्याकाळी दिनदर्शिका पाहिली. मग सगळ्यांना साडेअकरा सांगितलं.

७

झुंबरच्या हातातलं घड्याळ साडेबाराला आलं तेव्हा आम्ही चौघेही पडवीत होतो. बाहेर टळटळीत ऊन. वाट कुठे होती ते आता ओळखूही येत नव्हतं.

मागच्या खोलीत पावलं वाजली. ओली पावलं, शेणाच्या जमिनीवर. मग “हुं” असा आवाज. जड गाठोडं डोक्यावर घेताना माणूस करतो तसा. मग मागच्या दाराची कडी.

“निघाली वाटतं,” रंभाबाई उठायला लागली. “चला रं, पोर निघाली.”

“बसा!” मी म्हटलं. म्हातारी दचकून बसली.

मी मधल्या दारात गेले. मागच्या खोलीत बाहेरच्या उजेडाची एक पट्टी होती आणि त्या पट्टीत जमीन ओली होती. पुढे पाहिलं नाही. पाहण्याची माझी लायकी नव्हती.

“स्वाती,” मी म्हटलं. “निघू नकोस.”

कडीचा आवाज थांबला.

“वाट नाही. चतुर्थी दोन होत्या. मी बघितलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं, बाय. तू बरोबर निघालीस. वेळ मी चुकीची सांगितली. आणि मग सगळ्यांना सांगितलं की तू ऐकलं नाहीस.”

मागे पडवीत प्रियदर्शिनीने सासूचा हात धरल्याचा बांगड्यांचा आवाज आला. आतमध्ये पाणी गळत होतं, टप्, टप्.

मग ती बोलली. भुतासारखं नाही. रोजच्यासारखं, थोडं वैतागून. कामात असताना मी मध्ये बोलले की बोलायची तसं.

“मग किती वाजता निघू गं आई?”

सगळं एवढ्यावर आलं होतं. कधीच निघू नकोस म्हटलं असतं तर राहिली असती. माझं ऐकते ती, मेली तरी ऐकते. रोज आले असते, चादरींचे कोपरे बघितले असते, दाराआडून दोन शब्द बोलले असते. पुतळा नको, अग्नी नको. पोर घरात.

आणि रोज साडेबाराला तिने गाठोडं उचललं असतं. रोज कडी काढली असती. एखाद्या दिवशी एखादी रंभाबाई तिच्यामागून पाण्यात उतरली असती.

मी बोटांवर मोजायला लागले आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला विचारलं. “रंभाबाई, आज तिथी काय? नक्की सांगा.”

“तीज. उद्या विनायकी, माजा उपास असतोय.” तिथी म्हातारीने ठाम सांगितली.

“झुंबर, तुमच्या फोनात दिनदर्शिका असेल तर बघा.”

त्याने बघितलं. “तृतीयाच हाय.”

तीन त्रिक नऊ. भागिले चार, सव्वादोन. दोनदा मोजलं.

“सव्वापाचला, स्वाती,” मी म्हटलं. “सव्वापाचला वाट उघडी पडेल.”

“बरं,” ती म्हणाली. गाठोडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ओला, जड.

८

ती दुपार मी मधल्या उंबऱ्यावर बसून काढली, खोलीकडे पाठ करून. पडवीत ते तिघे. कोणी पळालं नाही. पळून जाणार कुठे, चारी बाजूंनी पाणी. रंभाबाईने एकदा मला पाणी आणून दिलं आणि माझ्या शेजारी बसली.

पाठीला गारवा लागत होता. मडक्याला टेकल्यासारखा. तीनच्या सुमारास आतून कट्, कट् असा आवाज आला. बोटं मोडत होती. लहानपणापासूनची खोड.

“बोटं मोडू नकोस,” माझ्या तोंडून गेलं.

आवाज थांबला. त्यानंतर मी रडले. आवाज न करता, पदर तोंडात धरून. तिला कळू नये म्हणून. कळलं असेल.

पाच वाजता दगडांची डोकी दिसायला लागली. सव्वापाचला सगळी वाट उघडी होती, चकचकीत, काळी. मागे कडी निघाली.

“येते मी, आई.”

आमच्यात निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत. जाऊन ये म्हणतात. नुसतं जा म्हणजे शिवी. मी भांडखोर बाई, पण भांडणातही कोणाला नुसतं जा म्हटलं नव्हतं. जाऊन ये म्हटलं असतं, तर ती आली असती. सांगितलेलं मोडणारी पोर नव्हती ती.

“नको येऊस,” मी म्हटलं. “जा, बाय. जा.”

तेव्हा मात्र वळून पाहिलं. मागचं दार उघडं होतं. नारळींमधून उन्हात एक पाठ जात होती. डोक्यावर पांढरं गाठोडं, खाली वेणी, वेणीच्या टोकातून पाणी. डावा हात गाठोड्याला. टाच उचलली तेव्हा तळवा दिसला, सुरकुतलेला, पांढराफटक. रंभाबाईने माझा दंड घट्ट धरला. वाटेपर्यंत ती पाठ दिसली. वाटेच्या मध्यावर, जिथे दगड थोडे खाली बसलेत, तिथे फक्त ऊन होतं.

९

पलीकडच्या काठावर नामदेव उभा होता. दुपारपासून उभा असणार, पायजमा पोटऱ्यांपर्यंत भिजून वाळलेला. झुंबरचं कुटुंब खाली मान घालून त्याच्या शेजारून गेलं. म्हातारी मात्र थांबली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग गेली.

मी नवऱ्यासमोर उभी राहिले.

“मी तिला साडेअकरा नव्हतं सांगितलं. साडेबारा सांगितलं होतं. चतुर्थी दोन होत्या.”

त्याने खाडीकडे तोंड केलं. तीन वर्षं ज्या पोरीला तो हट्टी म्हणत होता, तिच्याशी मनातल्या मनात काय बोलत असेल ते त्याचं त्याला.

“तिला सांगितलंस?” त्याने विचारलं.

“सांगितलं.”

त्याने मान हलवली आणि घराकडे चालायला लागला. हात पुढे केला नाही. केला असता तर मी धरला नसता. त्याच्या मागे दहा पावलं ठेवून मी चालत होते. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला, मागे न वळता म्हणाला, “दर्भ मी आणतो. पुतळ्याला वेणी तू घाल. मला जमायची नाय.”